एबीएस सक्तीनं सोलापुरात किती जीव वाचतील? हिशोब मांडून बघू

हिशोबी_मास्तर (जुळे सोलापूर)
शनिवार, सकाळी ९:१०

कंबर तलावावर आमचं पाच-सहा म्हाताऱ्यांचं टोळकं रोज सकाळी फिरायला येतं. फिरणं वीस मिनिटं, बाकड्यावर बसणं तासभर. काल वाद पेटला तो दुचाकींच्या एबीएसवरून, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरून. एकजण बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, "हे एकदा सक्तीचं झालं की दुचाकीवरचे मृत्यू निम्म्यावर येतील." दुसरे आमचे अण्णा, आयुष्य गिरणीत गेलेलं. ते म्हणाले, "एक माणूस वाचायचा नाही बे. मरणारा मरतोच."

मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. निम्मे आणि शून्य ही दोन्ही उत्तरं पोरांनी वहीत लिहिली असती तर मी एवढंच विचारलं असतं, रीत कुठाय? म्हणून हा धागा.

आधी नियम काय ते. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २०१८-१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, खालच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो ती सोय. जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मसुदा काढला, त्यात छोट्या गाड्यांनाही एबीएस आणि प्रत्येक नव्या गाडीसोबत दोन हेल्मेट द्यायची असं आहे.

आता रीत. नव्या नियमानं किती जीव वाचतील हे काढायला तीन आकडे लागतात. तो नियम ज्या अपघातांवर चालणार त्यात आज मरतात किती. वस्तू बसवल्यावर त्यातले शेकडा किती टळतात. आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांपैकी कितींवर ती वस्तू खरोखर असेल. तिघांचा गुणाकार. पेपरात पहिल्या दोघांचाच गुणाकार छापून येतो, तिसऱ्याला कुणी विचारत नाही.

२०२२ चे सरकारी आकडे घेतो. देशात रस्त्यावर मेले १,६८,४९१. त्यात दुचाकीवरचे ७४,८९७. यातला पाऊण भाग १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा धरू (हा माझा अंदाज, नवी पेठेतलं पार्किंग बघून केलेला): ५६,१७३. एबीएसचा गुण किती? अमेरिकेत विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं एकाच मॉडेलच्या एबीएसवाल्या आणि बिनएबीएसवाल्या मोटारसायकलींची तुलना केली. आधी जीवघेणे अपघात ३७ टक्के कमी दिसले, नंतर ३१, आणि २०२२ च्या अभ्यासात २२. मी २२ घेतो. ५६,१७३ चे २२ टक्के म्हणजे १२,३५८. हा झाला पेपरातला आकडा.

आता तिसरा. नियम फक्त नव्या गाडीला. गाडी बारा वर्षं चालते धरलं तर वर्षअखेरीस बारातल्या एकीलाच एबीएस. १२,३५८ भागिले १२ म्हणजे १,०३०. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मेले, म्हणजे देशाच्या ९ टक्के. तेव्हा आपल्या राज्याच्या वाट्याला ९३. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३,१७,७५६, राज्याच्या ३.८४ टक्के. ९३ चे ३.८४ टक्के...

३.६.

पहिल्या वर्षाला साडेतीन माणसं. बँकवाले गप्प झाले, अण्णाही गप्प झाले. चूक काढा.

---

बाळीवेसकर
शनिवार, ९:३४

साडेतीनमधला अर्धा मी. बायको गाडी चालवते, मी मागे बसतो.

---

स्पॅनर_भाऊ (अक्कलकोट रोड)
शनिवार, १०:०२

मास्तर, गणितात मी तुम्हाला काय सांगणार, पण गाडी खोलून बघितलेला माणूस आहे म्हणून लिहितो.

एबीएस म्हणजे गाडी लवकर थांबते हा लोकांचा गैरसमज. चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. चाकावरच्या दातेरी रिंगला सेन्सर बघतो, चाक अचानक थांबायला लागलं की ब्रेकचा दाब सोडतो, परत धरतो, सेकंदाला कितीतरी वेळा. त्यामुळं गाडी आडवी होत नाही, हँडल वळवता येतं. वाळू-खडीवर तर थांबायला थोडं जास्तच अंतर लागतं.

स्वस्त गाड्यांना जे बसवतात ते एकाच चाकाचं, पुढच्या. म्हणजे पुढं डिस्क लागणार, मागं ड्रमच राहणार. आता सोलापूरचं गिऱ्हाईक कसं आहे बघा. दहातले सात जण पुढच्या ब्रेकला हातच लावत नाहीत. लहानपणी सायकलवरून पालथं पडलेले, "पुढचा दाबला की पालथा पडतोस" हे डोक्यात बसलंय. पुढचं ब्रेक पॅड तीन-तीन वर्षं नव्यासारखं आणि मागचा लायनर सहा महिन्यांत संपलेला, हे रोज बघतो मी. जो ब्रेक दाबतच नाही त्याला एबीएस असून काय उपयोग?

सीबीएस त्याच्यासाठीच होतं की. मागचा पाय दाबला की पुढचाही लागायचा, त्याला न विचारता. आता एबीएस देताना सीबीएस काढलं, तर पायानंच ब्रेक मारणाऱ्याचं नुकसानच. तुमचे २२ टक्के अमेरिकेतल्या लोकांचे आहेत, ज्यांना पुढचा ब्रेक मारायला शिकवलंय.

आणि टायर. गोटा झालेल्या टायरवर एबीएस म्हणजे टक्कल पडलेल्याला कंगवा.

---

हिशोबी_मास्तर
शनिवार, १०:२०

भाऊ, हे पुस्तकात सापडलं नसतं. म्हणजे २२ टक्क्यांतून पुढचा ब्रेक न दाबणारे वजा. आणि माझ्या हिशोबात आजच्या गाडीला काहीच नाही असं धरलं होतं, प्रत्यक्षात तिला सीबीएस आहे. तुलना एबीएस विरुद्ध शून्य नाही, एबीएस विरुद्ध सीबीएस. मान्य. साडेतीनचे दोन होतील.

---

सिस्टर_रातपाळी
शनिवार, दुपारी २:४८

रात्रपाळी करून झोपून उठले आणि हा धागा दिसला. अपघात विभागात अकरा वर्षं झाली, कुठं ते लिहीत नाही.

तुम्ही सगळे मेलेल्यांवर बोलताय. आमच्याकडं येतात ते बहुतेक जिवंत येतात. आकडेवारीत अपघातानंतर तीस दिवसांच्या आत गेला तर मृत्यू, नाहीतर गंभीर जखमी. एकतिसाव्या दिवशी गेलेला माणूस सरकारी कागदावर जखमीच राहतो. आणि नियम चांगला निघाला तर जखमींचा आकडा कधीकधी वाढतो, हे लक्षात घ्या. जो कालपर्यंत जागीच गेला असता तो आता पाय मोडून आमच्याकडं येतो. कागदावर "गंभीर जखमी वाढले" दिसतं आणि लोक म्हणतात नियम फसला.

पण मला खरं लिहायचंय ते हेल्मेटबद्दल. दोन हेल्मेट देणार म्हणे. आत्ता एक देतात त्याचं काय होतं? आरशाला लटकलेलं असतं, नाहीतर कोपरात. एक पोरगा आला होता, कोपरात हेल्मेट तसंच, एक ओरखडा नाही त्याला. डोकं मी सांगत नाही. दुसरा प्रकार, पट्टा न लावलेलं हेल्मेट. ते माणसाच्या आधी उडतं. तिसरा, ती अर्धी टोपी. हनुवटी आणि जबडा उघडा. जबड्याला तारा बांधलेला माणूस दीड महिना नळीनं पेज पितो.

२०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय हेल्मेट विकायचं नाही असा नियम आहे. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली अजून दिसतात.

---

आकडेमोड (मूळ तुळजापूर वेस, सध्या पुणे)
शनिवार, रात्री ९:१५

मास्तर, तुमच्या वर्गात बसलो असतो तर गणिताची भीती गेली असती. गाड्यांच्या चाचण्यांशी संबंधित काम करतो, म्हणून थोडं लांबवून लिहितो.

तुमचा पहिला आकडाच जरा फुगलेला आहे. दुचाकीवर मेलेले सगळे ब्रेक दाबून मेलेले नाहीत. सिग्नलला उभा असताना मागून ट्रकनं उडवला, दारू पिऊन दुभाजकावर चढला, खड्डा चुकवताना बसखाली गेला. यातल्या कितींना आपला ब्रेक नीट लागून फायदा झाला असता? आमच्यात याला लक्ष्यगट म्हणतात. तो काढायला अपघाताचे तपशील लागतात. चाकाच्या घसटीची खूण होती का, टक्कर समोरून का मागून. आता पोलीस आयरॅड नावाच्या ॲपवर जागेवरूनच माहिती भरतात, आयआयटी मद्रासनं ते उभं केलंय. पण रात्री दोन वाजता जमाव भोवती असताना हवालदार "अतिवेग" या रकान्यावर बोट ठेवून मोकळा होतो. २०२२ मध्ये ७१ टक्के मृत्यू अतिवेगात मोडलेत. मला त्या रकान्यावर फार भरवसा नाही. वेग मारतो हे मात्र शंभर टक्के खरं. गाड्यांचा सरासरी वेग एका टक्क्यानं वाढला की जीवघेणे अपघात साधारण चार टक्क्यांनी वाढतात. स्वीडनच्या निल्सननं हे सूत्र मांडलं, आणि ते पुन्हापुन्हा तपासलं गेलंय.

दुसरी गोष्ट नवलाईची. कारच्या मागच्या काचेत वर जो तिसरा ब्रेक-दिवा असतो, तो अमेरिकेत १९८६ पासून नव्या कारना सक्तीचा झाला. त्याआधी टॅक्सी आणि कंपन्यांच्या गाड्यांवर प्रयोग झाले, त्यात ब्रेक मारताना मागून धडकण्याचे अपघात निम्म्यानं कमी झाले. निम्म्यानं! सगळे खूष. मग नियम झाला, सगळ्या गाड्यांना तो दिवा आला, लोकांची नजर त्याला सरावली, आणि कायमचा फायदा उरला ४.३ टक्के. मोजके लोक वापरतात तेव्हा जे उठून दिसतं ते सगळ्यांकडं असलं की दिसत नाही. गंमत म्हणजे ४.३ टक्केही खर्चाच्या मानानं फायद्याचेच होते, दिवा स्वस्त होता म्हणून. पण ५० च्या आशेवर बसलेल्याला ४.३ म्हणजे नापासच वाटणार.

आणि कृपा करून टक्के बेरजेला घेऊ नका. हेल्मेट घातल्यानं मृत्यूचा धोका ४२ टक्के कमी होतो (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २००८ चा मोठा आढावा, डोक्याच्या इजा ६९ टक्के कमी). हेल्मेटचे ४२ आणि एबीएसचे २२ मिळून ६४ नव्हेत. उरलेले गुणायचे. ०.५८ गुणिले ०.७८ म्हणजे ०.४५, वाचले ५५ टक्के. एबीएसनं जो पडलाच नाही त्याला हेल्मेट पुन्हा वाचवू शकत नाही.

---

हिशोबी_मास्तर
रविवार, सकाळी ७:३०

आकडेमोड, तुम्ही ४२ चा आकडा दिलात आणि माझी रात्र गेली. हेल्मेटचा हिशोब करून बघितला.

२०२२ मध्ये हेल्मेट न घालता मेले ५०,०२९. चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. सगळ्यांनी घातलं असतं तर ४२ टक्के, म्हणजे २१,०१२ वाचले असते. राज्याच्या वाट्याला १,८९८. जिल्ह्याच्या वाट्याला ७३.

त्र्याहत्तर. पलीकडं साडेतीन. त्यातही स्पॅनर भाऊंनी कातरून दोन केलेले.

सगळे घालणार नाहीत हे मलाही कळतं. दहातल्या तिघांनी जरी घालायला सुरुवात केली तरी २२. त्याला बारा वर्षं थांबायला नको, आजच्या गाडीवर आजच होतं. काल संध्याकाळी केगावच्या बाजूला चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलो, हेल्मेटं मोजायला दोन हातांची बोटं पुरली. त्यातली दोन मागच्या बाईच्या मांडीवर.

---

अण्णा_सोलापूर
रविवार, ८:०५

नातवाच्या मोबाईलवरून लिहायलोय. मास्तर, माझं नाव इथं काढलास म्हणून आलो. मी म्हटलं होतं मरणारा मरतोच, ते वेगळ्या अर्थानं. आमच्या गिरणीत यंत्राला जाळी बसवली की पोरं जाळीवर भरवसा ठेवून हात आणखी जवळ न्यायची. ब्रेक चांगला आला की माणूस आणखी जोरात जातो. लिहून ठेव.

---

आकडेमोड
रविवार, ११:४०

अण्णा, तुम्ही जे बाकड्यावर बोललात ते शिकागोच्या अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये शोधनिबंधात मांडलं आणि त्यावर पन्नास वर्षं भांडण चाललंय. त्यांचं म्हणणं होतं की बेल्ट, डॅशबोर्डचे पॅड वगैरेंनी कारमधले जितके वाचले तितके बेफिकीर चालवण्यानं रस्त्यावरचे मेले. म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यात निम्म्या गाड्यांना एबीएस आणि निम्म्यांना नाही असं करून पाहिलं. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. चालक पुढच्या गाडीला जास्त चिकटून, जास्त उशिरा ब्रेक मारायला लागले.

पण पुढच्या अभ्यासांत पेल्ट्झमनचा परिणाम पूर्ण धुऊन टाकण्याएवढा दिसला नाही, फायद्यातला काही भागच तो खातो. आणि ज्या संरक्षणाची जाणीव होत नाही त्यावर माणूस उधळत नाही. कारच्या दारातल्या लोखंडी पट्टीच्या जोरावर कुणी वेग वाढवत नाही, ती आहे हेच त्याला माहीत नसतं. जाळी डोळ्यांना दिसते, अण्णा, म्हणून हात जवळ जातो.

---

चारचाकी_सैफुल
रविवार, दुपारी १२:२२

दुचाकी दुचाकी चाललंय. मी सहा एअरबॅगवाली गाडी घेतलीय, तिचं काय?

---

आकडेमोड
रविवार, दुपारी १:१०

अभिनंदन. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, मग तारीख ऑक्टोबर २०२३ वर गेली, आणि त्याआधीच गडकरींनी सांगितलं की सक्ती करणार नाही. त्याऐवजी भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकवून बघून दिलेले सुरक्षेचे तारे आले, १ ऑक्टोबर २०२३ पासून. सरकारी किमान नियमात समोरची टक्कर ताशी ५६ किमीला घेतात, तारे देताना ६४ ला. आठ किमीचा फरक लहान वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, ती जवळजवळ तीस टक्के जास्त होते.

हिशोबाला बसलात तर कार-जीप-टॅक्सीतले मृत्यू एकूण मृत्यूंच्या साडेबारा टक्के. आणि २०२२ मध्ये बेल्ट न लावता मेले १६,७१५, निम्मे चालक, निम्मे प्रवासी. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते चांगल्या, महागड्या गाडीच्या मागच्या सीटवर होते, बेल्टशिवाय. एअरबॅग बेल्टच्या जोडीनं काम करण्यासाठी बनलेली असते. तुमच्या गाडीत मागे कोण बसतं आणि बेल्टचं बकल सीटच्या फटीत गेलंय का, हे आधी बघा.

---

चारचाकी_सैफुल
रविवार, १:३१

फटीत गेलंय. कव्हर बसवताना दुकानदारानं आत ढकललं.

---

ऊसवाला_मोहोळ
रविवार, रात्री १०:५०

दिवसभर फडावर होतो, आत्ता वाचलं. मास्तर, तुम्ही लोक ब्रेक आणि एअरबॅग मोजताय. गळीत हंगामात पुणे हायवेला रात्री निघून बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, रुंदीच्या बाहेर फूटभर ऊस, पुढं मोठ्यानं गाणी, मागं काळोख. दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. पंक्चर झालं की तिथंच उभी. मागं चार दगड आणि बाभळीची फांदी, हा आमचा सिग्नल. काम झालं की गाडी जाते, दगड तिथंच. त्या दगडांवर पण पोरं पडतात.

हे मी स्वतःच्या विरोधात लिहितोय, माझ्याच दोन ट्रॉल्या आहेत. मागच्या हंगामात माझ्या ट्रॉलीला मोटारसायकल मागून धडकली. पोरगा वाचला, गुडघा गेला. तेव्हापासून झोप नीट नाही. त्याच्या गाडीला एबीएस असतं तरी त्याला ट्रॉली दिसली तेव्हा दहा फुटांवर होती. ब्रेक कशाला, डोळ्यांना काही दिसलं तर ना.

---

स्पॅनर_भाऊ
रविवार, ११:०५

खरं बोललास दादा. असं लिहायला छाती लागते.

---

आकडेमोड
सोमवार, सकाळी ८:४५

ऊसवाले दादा, तुमच्या पोस्टनं धाग्याला खरी दिशा दिली. यावर नेमका अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून नव्या मोठ्या ट्रेलरना कडेनं आणि मागून लाल-पांढरी चकाकणारी पट्टी सक्तीची झाली. २००१ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं दोन राज्यांतले अपघात तपासले. अंधारात ट्रेलरवर बाजूनं किंवा मागून धडकण्याचे अपघात २९ टक्के कमी. जिथं रस्त्यावर दिवे नाहीत तिथं ४१ टक्के कमी. आपला मोहोळ ते टेंभुर्णी पट्टा डोळ्यांसमोर आणा.

त्याच अभ्यासातला एक आकडा मी कधी विसरत नाही. पट्टी स्वच्छ असेल तर मागून धडकणं ५३ टक्के कमी. मळलेली असेल तर २७. तीच पट्टी, तीच ट्रॉली, फक्त धूळ. गुण निम्म्यावर.

एबीएसला कारखाना लागतो, नवी गाडी लागते, बारा वर्षं लागतात. इथं निम्मा फायदा फडक्यात आहे.

अवांतर: ट्रकच्या मागे खाली जी आडवी लोखंडी पट्टी असते तिचीही अशीच गत आहे. कार ट्रकखाली घुसू नये म्हणून ती असते, खालची कड जमिनीपासून ५५० मिमीच्या वर नको. कार खाली घुसली की धडक बोनेटला बसतच नाही, थेट काचेला बसते. मग एअरबॅग सहा असोत की सोळा. पण ती पट्टी खड्ड्यात घासते म्हणून कुणी वर वेल्डिंग करून घेतं, कुणी काढूनच टाकतं.

---

स्पॅनर_भाऊ
सोमवार, ९:१२

वेल्डिंगवाल्यांना मी ओळखतो, नाव घेत नाही. दोनशे रुपयांत वर करून देतात.

---

बाळीवेसकर
सोमवार, १०:३०

पायी चालणाऱ्यांचं कुणी नाव काढलं नाही म्हणून मी काढतो. २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी मेले, पाचातला एक. कोजागिरीला आपण सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो, लाखांनी. त्या रात्री वाहतूक दुसरीकडं वळवतात, रस्ता भक्तांचा. मी पंधरा वर्षं चालतोय, मला त्या रात्री कधी गाडीची भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता ओलांडताना पाय थरथरतात. गाडीतल्या वस्तूंनी गाडीतला वाचतो, बाहेरच्यासाठी गाडी हळू किंवा बंदच लागते.

---

कोर्टकचेरी
सोमवार, दुपारी ४:१५

थोडं रुक्ष लिहितो. मोटार अपघात न्यायाधिकरणात आम्ही रोज माणसाची किंमत लावतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातलं कोष्टक: वीस-बावीस वर्षांच्या पोरासाठी वर्षाच्या उत्पन्नाला १८ नं गुणायचं, वय वाढेल तसा गुणक उतरतो. पोरगा अविवाहित असेल तर निम्मं उत्पन्न त्याच्या स्वतःच्या खर्चाचं म्हणून आधीच वजा. मास्तरांची साडेतीन माणसं त्या कोष्टकात घातली तर आकडा फार मोठा येत नाही, आणि तो आकडा बघून कुणी म्हणेल की एवढ्यासाठी गाडी महाग कशाला. गाडी महाग झाली की लोक जुनी आणखी तीन वर्षं रेटतात किंवा जुन्या बाजारातून उचलतात, म्हणजे मास्तरांचे बारा पंधरा होतात. ही बाजूही हिशोबात धरा.

---

सिस्टर_रातपाळी
सोमवार, ५:५०

साडेतीन लिहिताना बोटं थांबत नाहीत तुमची? आमच्याकडं बाहेर बाकावर बसलेले असतात, त्यांना पूर्ण एक लागतो. वकीलसाहेब, राग नाही, तुमचं कामच तसं.

आणि दोन वर्षांच्या पोरांना पुढं टाकीवर बसवणाऱ्यांसाठी: चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं चालवणाऱ्याशी बांधायचं, हेल्मेट घालायचं आणि ताशी ४० च्या वर जायचं नाही, असा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघालाय. सोलापुरात तो पट्टा मी एकदाच बघितला, तो पण पुण्याच्या पाहुण्यांचा.

---

नवा_पक्षी
सोमवार, ६:२०

विषयाला सोडून विचारतो. डोकं ५८ सेमी आहे. मीडियम घेऊ का लार्ज? सगळं वाचून आज घ्यायचंच ठरवलंय.

---

स्पॅनर_भाऊ
सोमवार, ६:३१

बहुतेक मीडियम बसेल, पण कंपनीप्रमाणं बदलतं. दुकानात घाल, पट्टा लाव, मान जोरात हलव. गाल आतून दाबले गेले पाहिजेत. सैल घेऊ नको, आतला स्पंज महिन्याभरात बसतो. पूर्ण तोंडाचं घे, सिस्टर काय म्हणाल्या वाचलंस ना.

---

हिशोबी_मास्तर
सोमवार, रात्री ९:४०

सिस्टर, तुमचं बरोबर आहे. अपूर्णांक वहीत ठीक, बाकावर नाही. पण गुणाकार केला नसता तर ब्रेकच्या मागे धावत बसलो असतो आणि ट्रॉली दिसलीच नसती, म्हणून तेवढी सूट द्या.

वहीत आता असं आहे. एबीएस: पहिल्या वर्षी जिल्ह्यात एक ते तीन, पंधराव्या वर्षापर्यंत वाढत जाणार, लोक पुढचा ब्रेक शिकले तर वरच्या बाजूला. वकीलसाहेबांचं ऐकून बाराचे पंधरा केले. हेल्मेट: दहातल्या तिघांनी घातलं तर २२, त्याच वर्षी. ट्रॉलीची पट्टी: माणसांत मांडता येईल असा जिल्ह्याचा मूळ आकडा माझ्याकडं नाही, म्हणून टक्क्यातच ठेवतो. पुसली तर २७ चे ५३.

बँकवाल्यांना आज बाकड्यावर हे दाखवलं. ते म्हणाले, मी निम्मे म्हटलं होतं, स्वच्छ पट्टीला ५३ आहे, म्हणजे मीच जिंकलो. अण्णांनी चहाचे पैसे दिले नाहीत.

ऊसवाले दादा, कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग रात्री किती वाजेपर्यंत उभी असते? आम्ही चौघं रिकामेच आहोत.

---

ऊसवाला_मोहोळ
सोमवार, ११:१५

रात्रभर असते मास्तर. नंबर लागायला कधी सहा तास, कधी दहा. ड्रायव्हर लोक ट्रॉलीखाली झोपलेले असतात, तेवढं आवाज देऊन मग पुढं व्हा. फडकी तुम्ही आणा, पाण्याचा ड्रम मी ठेवतो. स्वेटर घाला, थंडी लई आहे. आणि येताना हेल्मेट घालून या, नाहीतर इथं पोस्ट टाकीन.